जुन्या कर्नलचं वकीलपत्र

पडद्यावर उमटलेली ओळ इंग्रजीत होती, पण तिचा मतलब मराठीतल्या कुठल्याही सरकारी खिडकीवर ऐकू येतो तसाच होता : तुमचा कर्नल फार जुना झालाय, असल्यांचं काम आम्ही करत नसतो, नवा आणा आणि मग या.

शाहिस्ता तांबोळीनं ती ओळ वाचली, चष्मा ओढणीनं पुसला आणि पुन्हा वाचली. धाराशिवच्या ज्या कॉलेजात ती संगणकशास्त्र शिकवायची, तिथल्या लॅबमधल्या एकूण एक संगणकावर तिनं तेच करून पाहिलं. सगळ्यांनी तेच उत्तर दिलं. एरवी ह्या यंत्रांचं आपसात कधी पटलं नव्हतं. एकाला माउस दिसायचा तर कीबोर्ड दिसायचा नाही, दुसऱ्याचं बरोब्बर उलट. आज मात्र बिनविरोध ठराव.

हे कर्नल प्रकरण इथंच उलगडून सांगितलेलं बरं, कारण पुढं ह्या एका शब्दानं अख्ख्या कॉलनीचा घोटाळा केला. संगणकाच्या पोटात एक मुख्य कारभारी असतो. कुणाला किती जागा द्यायची, कुणाला आधी आत सोडायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे सगळं तो बघतो. त्याला कर्नल म्हणायचं. लॅबमधला कारभारी जुन्या वळणाचा होता. खायचा कमी, कुरकुरायचा त्याहून कमी. आणि नव्या अभ्यासक्रमात जो डीबगर सक्तीचा झाला होता, म्हणजे प्रोग्राममधली चूक पायरीपायरीनं पकडून देणारं जे हत्यार, त्याचं एक्स्टेन्शन, संगणकाला वरून बसवायचा तो जोडभाग, फक्त नव्या कारभाऱ्यांशीच बोलायचं. जुन्यांना ते दारातूनच परत पाठवी.

मग नवा कारभारी नेमावा, असं कुणीही म्हणेल. शाहिस्तानं एका यंत्रावर तो नेमून पाहिला होता. यंत्रानं पिठाच्या गिरणीसारखा आवाज काढला, आणि टाइप केलेलं नाव आपण चहा पिऊन आल्यावर पडद्यावर उमटू लागलं. तिनं जुन्याला हात जोडून परत बोलावलं.

प्राचार्य माकणीकरांना ही बातमी कळली तेव्हा त्यांना दुःख झालं नाही. त्यांच्या मनात त्या खोलीत योगकक्ष काढायचं कधीचं होतं.

"मॅडम, किती दिवस ही मढी राखणार?" ते म्हणाले. "विद्यापीठाची तपासणी समिती यायलीय. जुनाट लॅब दाखवण्यापेक्षा योगकक्ष दाखवू. भिंतीला हिरवा रंग, खाली चटया. प्रसन्न वाटतं."

"सर, आपल्या मुली भूमवरून, सास्तूरवरून एसटीनं येतात," शाहिस्ता म्हणाली. "बहुतेकींच्या घरी संगणक नाही. लॅब गेली तर त्यांनी प्रोग्राम कशावर लिहायचे? चटईवर?"

माकणीकरांना विनोद कळत नसे असं नाही, पण तो हाताखालच्या माणसानं केलेला त्यांना चालत नसे. "ठीक आहे," ते म्हणाले. "समितीसमोर तो डीबगर ह्याच यंत्रांवर चालवून दाखवा. नाही चालला तर मी चटया टाकतो."

"चालवते," शाहिस्ता म्हणाली, आणि केबिनच्या बाहेर आल्यावर आपण काय बोलून बसलो हे तिच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी अंगणात नवऱ्याला, मुजीबला, ती सगळं सांगत होती. मुजीब जिल्हा परिषदेत कारकून होता. कुठलीही अडचण तो आधी शांतपणे ऐकून घेई आणि मग ती आपल्या विभागाकडं येत नाही ह्याचं समाधान मानी.

"सगळं कर्नलपाशी अडलंय," शाहिस्ता म्हणाली. "म्हातारा झालाय म्हणून त्याला कुणी विचारीना."

"कोण कर्नल?" हा आवाज कंपाउंडच्या भिंतीवरून आला. शेजारचे हिंमतराव एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून कॉलनीतल्या सगळ्या हालचालींचं नियंत्रण त्यांनी आपल्याकडं घेतलं होतं. "आपल्या साडूचे व्याही मिल्ट्रीत व्हते. सुभेदार मेजर. वळख काढू. कोणत्या रेजिमेंटचा हाय?"

"काका, कर्नल म्हणजे माणूस नव्हे. ते संगणकाचं..."

"निवृत्त का चालू?"

"चालू आहे."

"मग भ्यायचं काम न्हाय," हिंमतराव म्हणाले आणि वेलाला पाणी घालायला वळले. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून किराणा दुकानापर्यंत सगळ्यांना कळलं की तांबोळी मॅडमचं एका म्हाताऱ्या कर्नलशी भांडण लागलंय आणि प्रकरण बहुधा प्लॉटचं आहे.

सासूबाई बिस्मिल्लाबी घरात दखनीत बोलायच्या. फक्त भांडायचं असलं की मराठी काढायच्या, कारण शेजाऱ्यांना अर्धवट कळून गैरसमज व्हावा हे त्यांना पसंत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मराठी काढली.

"सूनबाई, म्हाताऱ्या माणसाच्या मागं का लागलीस? म्हातारं झालं की काढून टाकायचं व्हय? उद्या मला बी म्हणशील, अम्मी जुन्या झाल्या, नव्या आना."

"अम्मी, काढून टाका म्हणणारे दुसरे आहेत. मी त्याच्याच बाजूनं आहे."

बिस्मिल्लाबींनी तिच्याकडं नीट पाहिलं. "त्याच्या बाजूनं हाईस?"

"हो."

"मग भांड," त्या म्हणाल्या. "बिनधास्त भांड. चहा मी ठेवते."

भांडायचं तर जुना संगणक हाताशी हवा. शाहिस्ताच्या स्वतःच्या लॅपटॉपवरचा कर्नल नवा, त्यावर एक्स्टेन्शन गुणी बाळासारखं चालायचं. दुखणं जुन्यावरच दिसणार. आणि लॅबला संध्याकाळी कुलूप लागायचं. म्हणून तिनं साधा सरळ अर्ज केला : 'संगणकातील बग काढण्यासाठी एक सीपीयू घरी नेण्यास परवानगी मिळावी.'

अर्ज स्टोअरकीपर हणमंतप्पांकडं गेला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, किडं लागलेली वस्तू भाईर नेता येत न्हाय. होस्टेलच्या गाद्यांच्या वक्ताला तसा ठरावच झालाय."

"अहो, तो किडा नाही. बग म्हणजे चूक."

"अर्जात बग म्हणलंय. बग म्हंजी किडा. म्या बी बारावी सायन्स हाय."

पुढच्या सकाळी पाठीवर पंप बांधलेला एक माणूस लॅबच्या दारात उभा. ऑफिसनं अर्जावर इतकी तत्पर कारवाई आजवर कधी केली नव्हती. पगारवाढीचे अर्ज वर्षानुवर्षं पडलेले असताना बगांचा मात्र तातडीनं बंदोबस्त झाला. माणसानं कोपरे, खिडक्या, टेबलांचे पाय, सगळं न्हाऊमाखू घातलं. "आता लॅब बंद ठिवा," तो म्हणाला, "वास बसंस्तोवर." वास काही लवकर बसला नाही. शाहिस्ताचे तास व्हरांड्यात झाले, आणि तिथून जाता-येता माकणीकर "व्हरांडा मोठा हवेशीर आहे नाही!" असं म्हणत राहिले.

तिनं दुसरा अर्ज केला. ह्यात बग काढून 'दोष' घातला. हणमंतप्पा म्हणाले, दोष असला तर दुरुस्ती आली, दुरुस्ती आली तर निविदा आली. तिसऱ्या अर्जात तिनं वैतागून 'अभ्यासासाठी' असं लिहिलं. हणमंतप्पांचा चेहरा उजळला.

"आभ्यास म्हणायचं की पैल्यांदाच! आभ्यासाला लायब्ररी हाय."

अशा रीतीनं तो सीपीयू ग्रंथालयातून संदर्भग्रंथ म्हणून शाहिस्ताच्या नावावर दिला गेला. आठवड्यात परत करायचा, आणि पानं दुमडायची नाहीत.

स्कूटीच्या पायापाशी तो संदर्भग्रंथ ठेवून ती कॉलनीत शिरली तेव्हा हिंमतराव फाटकातच होते.

"ह्योच का कर्नल?"

"ह्याच्या आत आहे," शाहिस्ता म्हणाली. आता समजावून सांगायचं तिनं सोडून दिलं होतं.

हिंमतराव मागोमाग घरात आले. डबा टीव्हीला जोडल्यावर उमटलेली ओळ त्यांनी मुजीबकडून समजून घेतली आणि विचार करून म्हणाले, "आमच्या डेपोत जुनी गाडी आली की आमी काय करायचो? बोर्ड बदलायचो. गाडी तीच, बोर्ड नवा. पब्लिक बसतंय की."

एखाद्या निवृत्त कंट्रोलरचा सल्ला घेणं शाहिस्ताच्या पदवीला शोभणारं नव्हतं. ती बराच वेळ दुसरं काहीतरी करतेय असं दाखवत राहिली, आणि ते चहाला वळल्यावर तिनं गुपचूप बोर्ड बदलला. म्हणजे कर्नलचं वय विचारणारी एक्स्टेन्शनमधली ओळच तिनं खोडून टाकली. एक्स्टेन्शन सुरू झालं! हिंमतराव चहाच्या कपासकट उभे राहिले. आणि तेवढ्यात येडशीच्या घाटात जुनी गाडी बसावी तसं ते पहिल्याच चढाला बसलं. 'माहीत नसलेली विनंती' एवढं पुटपुटलं आणि गेलं.

"बोर्ड बरुबर हाय," हिंमतराव म्हणाले. "इंजनात गडबड हाय."

ते खरं होतं. शाहिस्तानं इंटरनेटवरून एक्स्टेन्शनचा मूळ मजकूर, म्हणजे त्याचा सोर्स कोड, उतरवून घेतला. तो सगळ्यांसाठी खुला होता, फक्त कुणी वाचायला जात नव्हतं. वाचता वाचता तिला दुखणं सापडलं. चालू प्रोग्रामला पकडून ठेवायची एक नवी युक्ती नव्या कर्नलांना शिकवलेली आहे. एक्स्टेन्शन तीच मागायचं. जुना कर्नल प्रामाणिकपणे सांगायचा, बाबा, आपल्याकडं असलं काही नाही. आणि हे रुसून बसायचं. पकडायची जुनी रीतही होती, तिनं वर्षानुवर्षं काम भागलं होतं, पण ती विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती.

ह्याचा शाहिस्ताला जेवढा राग आला तेवढा त्या नकाराचाही आला नव्हता. "एवढं तर विचारायचं!" ती एकटीच मोठ्यानं म्हणाली. "नवी रीत नसेल तर जुनी चालेल का, एवढं विचारायला काय जातं?"

"कुनाचं काय जातंय?" बिस्मिल्लाबी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सुनेचा लाल झालेला चेहरा आणि लुकलुकणारा दिवा पाहून त्यांनी निदान केलं. इतक्या लोकांनी ह्या डब्याचं नाव काढलं होतं, नजर लागणारच. त्यांनी मीठ-मिरच्या आणल्या, डब्यावरून ओवाळल्या आणि तिथंच तव्यावर टाकल्या. चांगल्या तिखट मिरच्या होत्या. सगळं घर शिंकत अंगणात आलं. सीपीयूला बिचाऱ्याला कुठं पळता येतं? त्याच्या पंख्यानं तो धूर मनसोक्त आत ओढून घेतला, आणि पुढं जेव्हा जेव्हा त्याच्यावर जोराचं काम पडे तेव्हा तेव्हा तो समोरच्याच्या तोंडावर मिरचीची एक गरम फुंकर मारी. शाहिस्ता नाकाला ओढणी बांधून काम करू लागली. खिडकीतून पाहणाऱ्यांना वाटलं, कर्नल प्रकरण आता फारच पेटलंय.

तिनं दुरुस्ती लिहिली. थोडक्याच ओळी होत्या : नवी रीत मागून बघ, नकार आला तर रुसू नकोस, जुनी रीत वापर. पण लिहिलेलं जुन्या यंत्रावर बांधायला नवा कंपायलर, म्हणजे ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाष्या, लागणार होता. नव्या कंपायलरला नवी लायब्ररी हवी, कॉलेजातली नव्हे, प्रोग्रामांच्या तयार तुकड्यांची. लायब्ररी म्हणाली, मला नवा कर्नल हवा.

शाहिस्तानं कपाळाला हात लावला. मुजीब मात्र हे ऐकून प्रथमच खुर्चीत पुढं सरकून बसला. इथं त्याचा विभाग आला होता.

"हे आमच्यातलंच आहे," तो आपुलकीनं म्हणाला. "ह्या दाखल्याला तो दाखला, त्याला तिसरा, आणि तिसऱ्याला पुन्हा पहिला."

"मग तुम्ही काय करता?"

"आम्ही काही करत नाही. शहाणी माणसं दुसऱ्या तालुक्यातून सगळे कागद तयार करून, पिशवीत घालूनच येतात. आमच्याकडं मागायला काही उरतच नाही."

शाहिस्ता त्याच्याकडं बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाचा असा उपयोग होईल हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तिनं दुरुस्त केलेलं एक्स्टेन्शन लॅपटॉपवर बांधलं, लागणारी सगळी शिदोरी त्याच्या पोटातच भरली, म्हणजे जुन्या यंत्राच्या दारात काही मागायची पाळीच नको. मग पेनड्राइव्हवरून ते सीपीयूत घातलं. एक्स्टेन्शन सुरू झालं. चढाला आलं. पंख्यानं मिरचीची फुंकर मारली. प्रोग्राम ठरवलेल्या ओळीवर शहाण्यासारखा थांबला.

रविवारची दुपार होती. शाहिस्तानं नाकावरची ओढणी काढली आणि एक अशी आरोळी ठोकली की शेजारी झोपलेले हिंमतराव पायात एकच चप्पल घालून आले.

"जितलं का कर्नल?"

"जिंकलं, काका!"

आनंदाच्या भरात माणूस उदार होतो. तिनं आपली दुरुस्ती एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांकडं पाठवून दिली. सोबत इंग्रजीत नम्रपणे लिहिलं, की आमच्याकडं जुनी यंत्रं आहेत, इतरांकडंही असतील, हे घालून घ्या, सगळ्यांचं भलं होईल. मग तिनं लॅबच्या सगळ्या संगणकांवर आपलं एक्स्टेन्शन चढवलं आणि संदर्भग्रंथ वेळेत ग्रंथालयात जमा केला. ग्रंथपालानं तो नाकाजवळ नेला आणि पुस्तकांवर मसाल्याचे हात लावू नयेत अशी सूचना दिली.

समिती आली त्या दिवशी माकणीकरांनी चटया आणूनच ठेवल्या होत्या. त्या व्हरांड्यात गुंडाळून उभ्या होत्या. समितीच्या अध्यक्ष डॉ. शिवरंजनी हत्तरगे थोडं बोलणाऱ्या आणि जास्त बघणाऱ्या बाई होत्या. शाहिस्तानं हर्षालीला पुढं बसवलं. ही भूमची मुलगी पहाटेची एसटी पकडून आली होती. तिनं प्रोग्राम उघडला, बटण दाबलं.

कर्नल फार जुना आहे. नवा आणा.

शाहिस्ताच्या कानांत पाणी गेल्यासारखं झालं. तिनं शेजारचं यंत्र पाहिलं, तेच. त्याच्या पलीकडचं, तेच. मग तिची ट्यूब पेटली. सकाळी समितीच्या सोयीसाठी ऑफिसनं लॅबचं इंटरनेट सुरू केलं होतं. बनवणाऱ्यांची नवी आवृत्ती आली होती, ती न विचारता आत शिरली आणि तिचं काम पुसून स्वतः गादीवर बसली.

"मी म्हणतच होतो," माकणीकर समितीकडं वळून हळहळले. "यंत्रांचं वय झालं. आमचा एक योगकक्षाचा प्रस्ताव आहे..."

शाहिस्ता भिंतीपाशी गेली आणि इंटरनेटची वायर तिनं खसकन उपटली.

"मॅडम!" माकणीकर म्हणाले.

"थोडं थांबा, सर."

"समितीला पुढं लातूरला पोचायचंय."

"समितीला गाडी आहे, सर. ह्या मुलींना एसटी आहे, तरी त्या बसल्यात." तिचा आवाज चढला होता आणि तो उतरवायची तिला मुळीच इच्छा नव्हती. "हे यंत्र चालतं. मी चालवलंय. बाहेरच्या कुणी येऊन ते बंद पाडलं तर मी पुन्हा चालू करीन. त्याला लागेल तेवढा वेळ लागेल."

डॉ. हत्तरगेंनी एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसून घेतलं. त्या बसल्यावर समितीला बसावंच लागलं, आणि माकणीकरांना उभं राहावं लागलं, कारण स्टुलं संपली. शाहिस्तानं पर्समधून पेनड्राइव्ह काढला, नवी आवृत्ती हुसकली, आपली चढवली आणि इथून पुढं न विचारता कुणी आत यायचं नाही असा बंदोबस्त केला. हर्षालीनं बटण दाबलं. प्रोग्राम थांबला. तिनं एकेक पायरी पुढं जात आतले आकडे समितीला दाखवले, कुठला आकडा कुठं बिघडतो ते बोटानं दाखवलं, चूक दुरुस्त केली आणि न अडखळता खुर्ची मागं सारली.

"इंटरनेट नाही का तुमच्याकडं?" डॉ. हत्तरगेंनी विचारलं.

"आहे, मॅडम. पण सध्या त्याला बाहेर उभं केलंय."

"आणि हा बदल कुणी केला?"

"मी."

"परवानगी?"

शाहिस्ताला एकदम ते तीन अर्ज आठवले आणि तिला हसू आलं. "मूळ मजकूर खुला आहे, मॅडम. कुणीही बदलावा, अशी परवानगी बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलीय. ह्या कामात तेवढी एकच गोष्ट न मागता मिळाली."

डॉ. हत्तरगे हसल्या नाहीत, पण उठताना त्यांनी हर्षालीला तिचं गाव विचारलं, आणि जाताना माकणीकरांना विचारलं की व्हरांड्यात चटया कशासाठी. माकणीकर म्हणाले, त्या अशाच. लॅब राहावी, आणि निधी उपलब्ध होताच नवी यंत्रं द्यावीत, असा शेरा समितीनं मारला. निधी कधी उपलब्ध होतो हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं जुन्या कर्नलच्या नोकरीला तूर्त धोका उरला नाही.

संध्याकाळी शाहिस्ता घरी आली तेव्हा बनवणाऱ्यांचं उत्तर येऊन पडलं होतं. तिनं ते उभ्यानंच वाचलं. दोन ओळींचं होतं. दुरुस्ती स्वीकारता येत नाही, विषय बंद करण्यात येत आहे.

"काय म्हनतेत?" बिस्मिल्लाबींनी चहाचा कप पुढं करत विचारलं.

"म्हणतात, इतकं जुनं आता कुणीच वापरत नाही."

"कुनीच म्हंजी कोन?" बिस्मिल्लाबींनी कडक मराठीत विचारलं. "आपन कोन मग?"

शाहिस्तानं कप खाली ठेवला आणि लॅपटॉप उघडला. आपलं दुरुस्त केलेलं एक्स्टेन्शन तिनं जगातल्या कुणालाही उतरवून घेता येईल असं आपल्या नावानं मांडून ठेवलं. मग बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर, त्या बंद केलेल्या विषयाखाली, लिहायची जागा अजून शिल्लक होती तिथं, ती उत्तर लिहायला बसली. चांगलं लांबलचक इंग्रजी उत्तर तिच्या डोक्यात तयार होतं, दाखल्यांसकट. तिनं ते सगळं बाजूला सारलं, कीबोर्ड देवनागरीत बदलला, आणि दोनच शब्द टाइप केले.

"आम्ही वापरतो."

ज्यांना समजून घ्यायचं असेल, ते भाषांतर करून घेतील.